मूग मोजायला आई

"आई, आठ दिवस इकडे ये. मूग मोजायचेत," असं धाकटीने फोनवर सांगितलं, तेव्हा आईला आधी वाटलं, पोरीला ताप चढला आहे.

"मोजायचेत की निवडायचेत?"

"मोजायचेत."

"किती आहेत?"

"दोन हजार चारशे."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला. मग आई म्हणाली, "बरं. चष्मा जवळचा आणू की दूरचा?"

आईचं हे असं होतं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. का म्हणून विचारण्याआधी किती म्हणून विचारायची. शाळेत मुलं तिला पाठीमागे 'पस्तीसबाई' म्हणायची, कारण तिच्या हातून कोणी नापास झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तेहेतीस पडले की बाई पेपर पुन्हा वरून खाली वाचायच्या आणि कुठे ना कुठे दोन मार्क सापडायचेच. एखाद्याने गणित चुकवलं असलं, पण समास नीट आखला असला, तरी तेवढ्यावर भागायचं.

तिच्या दोन मुलींपैकी थोरली हॉस्पिटलात नर्स होती, आणि ती काय करते हे शेजाऱ्यांना सांगायला सोपं होतं. धाकटी उत्क्रांतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत पीएचडीच्या पाचव्या वर्षाला होती. तिच्याबद्दल कोणी विचारलं की आई म्हणायची, "ती किड्यांमध्ये असते," आणि विषय बदलायची.

किडे म्हणजे कडधान्यातले भुंगेरे. जो तपकिरी ठिपका डब्यात चालताना दिसला की बायका तो डबा उचलून उन्हात नेऊन ठेवतात, तोच भुंगेरा धाकटीने लाडाने चाळीस पिढ्या पोसला होता. महिन्याला साधारण एक पिढी, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. त्यात ती दोन लग्नांना गेली नव्हती आणि एका लग्नातून मधेच उठून आली होती, कारण त्या दिवशी डबे बदलायचे होते.

प्रयोग सांगायला साधा होता. भुंगेऱ्याची मादी दाण्यावर अंडं चिकटवते, आणि अळी थेट खालून दाणा पोखरून आत शिरते. मुगाचा दाणा लहान. त्यात एकीचंच पोट भरतं. दोघी शिरल्या तर दोघींचे हाल. म्हणून मुगावर वाढलेली मादी आधी दाणा पायांनी चाचपते, आणि कोणाचं अंडं असेल तर पुढचा दाणा बघते. चवळीचा दाणा मोठा, तिथे चौघी सुखाने राहतात. धाकटीने एकाच डब्यातल्या भुंगेऱ्यांचे दोन वाटे केले. एक मुगावर ठेवला, एक चवळीवर. चाळीस पिढ्यांनंतर दोन्हीकडच्या माद्यांना सारखेच मूग दिले. चवळीवाल्या आता चौकशी करणं विसरल्या असतील, असा तिचा अंदाज होता.

आणि विसरल्या होत्या! अंडी असलेल्या दर शंभर दाण्यांमागे, मुगवाल्यांनी नऊ दाण्यांवर एकाहून जास्त अंडी घातली होती. चवळीवाल्यांनी अडतीस दाण्यांवर. धाकटीने तो आलेख छापून पलंगासमोर लावला होता.

मग वार्षिक आढाव्याच्या बैठकीत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "मोजलं कोणी?"

"मी."

"मोजताना कुठलं पाकीट कुठल्या डब्यातलं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग एवढंच सांगा, हा फरक भुंगेऱ्यांनी केला की तुम्ही?"

प्रश्न वाईट नव्हता. म्हणूनच तो झोंबला. दोन अंडी एकमेकांना खेटून बसली की कधी एक दिसतात. सालीवरचा पांढरा ओरखडा कधी अंड्यासारखा दिसतो. अशा प्रत्येक दाण्यापाशी मोजणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि ठरवताना मन कुठल्या बाजूला झुकतं ते मनालाही कळत नाही. समितीने दोन महिन्यांची मुदत दिली. प्रबंधाची तीन प्रकरणं होती आणि मधलं हे होतं. ते पडलं तर तिसरं आपोआप पडणार, आणि पहिल्यात होती नुसती प्रस्तावना.

सुदैवाने दाणे फ्रीजरमध्ये जपून ठेवलेले होते. ऐंशी पाकिटं, प्रत्येकात तीस मूग, अंड्यांची टरफलं सिमेंटसारखी चिकटलेली. पुन्हा मोजता येणार होते. पण मोजणार कोण?

पाकिटांवर नावाऐवजी आकडे घालून भागण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेत प्रत्येकाला अंदाज ठाऊक होता; पाकीट उघडून चार दाण्यांवर जोडअंडी दिसली की "हे चवळीचं" असं कोणाच्याही मनात येणार, आणि मग पाचव्या दाण्यावरचा ओरखडाही अंडं दिसणार. गोगलगायींवर काम करणारा आणि त्याच वेगाने चालणारा एक सहकारी होता, त्याला सगळे 'गोगल' म्हणत. तो मदतीला तयार होता. पण धाकटीचा अंदाज त्याने इतक्या वेळा ऐकला होता की तो झोपेतही म्हणून दाखवायचा.

"कोरी नजर पाहिजे," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "हुशार, चिकट, आणि तुझ्या कामातलं ओ की ठो न कळणारं माणूस."

धाकटी म्हणाली, "माझी आई आहे. साडेचार वर्षं सांगतेय, तिला अजून एक अक्षर कळलेलं नाही."

बोलताना तिला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

आई आली ती एक बॅग, दोन चष्मे आणि एक लाल पेन घेऊन. धाकटीची खोली तिने दारातूनच पाहिली. पलंगासमोरचा आलेख धाकटीने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. भिंतीवर चिकटपट्टीचे चार चौकोन तेवढे राहिले होते.

"इथे काय होतं?"

"काही नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.

प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल आईसाठी रिकामं केलं होतं. त्यावर दिवा, त्याला जोडलेलं भिंग, चिमटा, पांढरी बशी आणि तक्ते. धाकटीने समजावलं: दाणा फिरवून सगळ्या बाजूंनी बघायचा, पांढरे घुमटासारखे ठिपके मोजायचे, आकडा लिहायचा. बाकी काही नाही.

आईने पहिला दाणा चिमट्यात धरला आणि भिंगाखाली बराच वेळ फिरवला.

"देखणं आहे गं," ती म्हणाली. "आयुष्यभर हे मी फेकून दिलं."

गोगल चहाचे कप घेऊन आला. "काकू, कंटाळा आला तर सांगा."

"अरे, नववी 'क' तुकडीचे सत्तर पेपर तपासलेत मी. हे दाणे निदान खाडाखोड तरी करत नाहीत."

दिवसाला बारा-तेरा पाकिटं होत. आई दहाला बसायची, एकला उठायची, दोनला पुन्हा बसायची. तक्त्यावरचे तिचे आकडे छापल्यासारखे एकाखाली एक. येणारे-जाणारे तिच्याशी बोलायला थांबू लागले. मॅडमही एकदा खुर्ची ओढून बसल्या आणि दोघी अर्धा तास गुडघेदुखीवर बोलल्या. आईने एवढ्या दिवसांत कोणालाही, कशाबद्दलही, हे का मोजतोय असं विचारलं नाही. नियमाप्रमाणे ते उत्तमच होतं. तरी धाकटीला आत कुठेतरी लागत होतं. एकदा तरी विचारावं. सांगता आलं नसतं, ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरलीचा फोन आला. धाकटी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बोलली. आपण हळू बोलतोय असा तिचा समज होता.

"नाही गं ताई, नाही जमलं तर परत पहिल्यापासून. आणखी साडेतीन वर्षं… नाही, मला नाही वाटत मी करीन. मी सोडून देईन."

ती आत आली तेव्हा आई मान खाली घालून दाणा फिरवत होती.

सातव्या दिवशी ऐंशी पाकिटं संपली. खरं तर आईने शहाऐंशी मोजली होती, पण हे तिला माहीत नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत मोजलेल्यांपैकी सहा पाकिटं धाकटीने नवे आकडे घालून परत ढिगात सरकवली होती. मोजणारा स्वतःशीच किती जुळतो, हे पाहायची ती नेहमीची रीत. आई बाहेर झाडाखाली पाय मोकळे करत होती, तेवढ्यात धाकटीने आकड्यांची यादी उघडली.

आधी मोठा हिशोब. मुगवाल्या: शंभरात सात. चवळीवाल्या: शंभरात एक्केचाळीस.

गोगल मागून ओरडला, "अगं, हे तर तुझ्यापेक्षाही भारी!"

धाकटीने आनंदाने टेबलावर थाप मारली. मग तिने ती सहा पाकिटं ताडून पाहिली. पहिल्या दिवशी एका पाकिटात जोडअंड्यांचे पाच दाणे होते. तेच पाकीट सहाव्या दिवशी: दोन. दुसऱ्या एका पाकिटात आधी सात, नंतर अकरा. सहाही पाकिटं सरकली होती. नजर थकली असती तर आकडे इकडेतिकडे सरकले असते. हे सगळे तिला हव्या त्या बाजूला सरकले होते. मुगाचे खाली, चवळीचे वर.

कोऱ्या नजरेला बाजू कुठून कळली?

आई आत आली. धाकटीने स्टूल पुढे सरकवलं आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

"आई, हे एकच पाकीट आहे. दोनदा मोजलंस. बघ जरा."

आईने चष्मा बदलला. पाहिलं. एकतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेल्या बाईचा चेहरा, पकडलं गेल्यावर, अगदी मुलासारखा झाला.

"पाकीट परत घातलंस होय गं," ती म्हणाली. "हुशार आहेस."

"आई."

"जिथे दोन खेटून होती तिथे एक लिहिलं. सगळीकडे नाही हं! फक्त चांगल्या पाकिटांत. आणि जोडअंडीवाल्या पाकिटांत जिथे ठिपका असल्यासारखा वाटला, तिथे धरून टाकला."

"चांगलं पाकीट म्हणजे काय? तुला कोणी सांगितलं कुठलं चांगलं?"

आई चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिली. "मुगवाली चौकशी करते, चवळीवाली विसरली. दाण्यावर एक म्हणजे मुगवाली. तूच तर सांगतेस."

"कधी?"

"दर रविवारी, फोनवर. आता साडेचार वर्षं झाली. मला सगळं नाही कळत, पण शेजारी कोणी विचारलं तर चुकीचं सांगायला नको, म्हणून मी फोन झाल्यावर लिहून ठेवते. ती डायरी आहे घरी. आता दुसरी चालू आहे. इतकं नीट सांगता येत नाही मला, म्हणून लोकांना आपलं किडे म्हणून सांगते."

"मग आलीस कशाला? मी म्हटलं होतं ना, काही माहीत नसलेलं माणूस हवंय!"

"तू किती खुशीत म्हणालीस, आई, तुला काहीच कळत नाही ते बरंच झालं! मला वाटलं, एवढ्यासाठी का होईना, मुलगी बोलावतेय. आणि मी ठरवलं होतं, प्रामाणिकपणे मोजीन. दोन दिवस मोजलंही. मग तू बाहेर ताईला म्हणालीस, सोडून देईन." आईने तक्ता उलटा करून ठेवला. "काठावर होतीस. मला राहवलं नाही."

गोगलला अचानक आठवलं की त्याच्या गोगलगायींना पाणी घालायचं आहे. त्या खोलीतून तो आयुष्यात पहिल्यांदाच झपाझप गेला.

धाकटी उठली, नळाखाली चिमटे धुवायला लागली. धुतलेलेच होते. सात दिवस गेले होते, आणि मुदतीतले पाच आठवडे उरले होते. आता कोणाला बोलवायचं? रस्त्यावरच्या माणसाला? तिला रडायचं होतं, पण पाठीमागे बसलेल्या बाईने समास नीट आखलेल्या पोरांना पास केलं होतं, आणि आज तिने मुगांना मार्क वाटले होते, हे डोळ्यांसमोर आलं आणि पाण्याच्या आवाजात ती हसायलाच लागली.

"हसतेस काय?"

"मुगाला ग्रेस देणारी तू जगात पहिली."

"चवळीवालीलाही दिले," आई म्हणाली. "पक्षपात नाही केला."

मग दोघीही हसल्या. हसून झाल्यावर आई गंभीर झाली आणि तिने लाल पेनचं टोपण काढलं. ते काढलं की ती घरी राहत नसे, शाळेत जात असे.

"तुझ्या मांडणीतच चूक आहे," ती म्हणाली.

"माझ्या?"

"अख्खं पाकीट एका वेळी हातात दिलंस. मग मोजणाऱ्याला त्या पाकिटाबद्दल मत होणारच. मी एका मुलाचा अख्खा पेपर एका दमात कधीच तपासत नसे. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. नाहीतर पहिलं गणित बरोबर आलं की पुढचं चुकलेलंही बरं वाटायला लागतं."

"पण तू तर सगळ्यांना पास करायचीस!"

"ते बेरीज झाल्यावर. तपासताना नाही. दया दाखवायची तर बेरीज कळल्यावर, उघड्या डोळ्यांनी. इथे मी तपासतानाच केली, ती चूक. माझ्याकडे सगळी पाकिटं फोडून, मिसळून, एकेक दाणा दे. एकटा दाणा कोणाचा आहे हे मला कळलंच नाही, तर मी कोणाला देणार मार्क?"

धाकटी चिमटा हातात धरून उभी राहिली. कपाटात छोट्या खणांच्या प्लास्टिकच्या प्लेटी होत्या, एकेकीत शहाण्णव खण. दोन हजार चारशे भागिले शहाण्णव.

"पंचवीस," आई म्हणाली. तिने आधीच भागलं होतं.

मॅडमना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेवटी बोटांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "कोरी नजर मिळत नाही, हेच बरोबर. कागद कोरा ठेवावा लागतो. करा."

संगणकाने दाण्यांची सरमिसळ ठरवून दिली. कुठल्या पाकिटातला कितवा दाणा कुठल्या खणात, ती यादी गोगलकडे. चार दिवस तो आणि धाकटी चिमट्याने एकेक मूग खणात ठेवत बसले. ह्या कामाला त्याचा वेग नेमका योग्य होता. यादी त्याने कुलपात ठेवली आणि किल्ली मॅडमकडे दिली. आईने परतीचं तिकीट बदललं.

आता आईच्या भिंगाखाली एकच दाणा असे. एक ठिपका, एक. दोन ठिपके, दोन. खेटलेले असले तर ती चिमट्याच्या टोकाने हलकेच तिरपं करून बघे, आणि पुटपुटे, "कोणाचा आहेस रे बाबा?" दाणा काही सांगत नसे. धाकटी शेजारच्या टेबलावर स्वतः तीच प्लेट दुसऱ्यांदा मोजायची, आईचा आकडा न पाहता. जिथे दोघींचं जुळलं नाही तिथे गोगलचं मत. अकरा दिवसांत पंचवीस प्लेटी झाल्या. आई-मुलीचं नव्वदेक दाण्यांवर जुळलं नव्हतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा दाण्यांवर आई बरोबर होती.

बाराव्या दिवशी सकाळी मॅडमनी किल्ली दिली. गोगलने यादी जोडली. संगणकाला दोन सेकंद लागले. आईने तेवढ्यात दोन चष्मे बदलले.

मुगवाल्या: शंभरात चौदा. चवळीवाल्या: शंभरात एकोणतीस.

धाकटीने आधी नुसता एकोणतीसचा आकडा पाहिला. अडतीसचे एकोणतीस झाले होते, नऊचे चौदा. निम्मा फरक गेला होता. निम्मा राहिला होता. योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता किती, ते तिने काढलं: हजारात एकाहूनही कमी.

"आहे," ती म्हणाली. मग आईकडे वळून पुन्हा म्हणाली, "आहे! लहान आहे, पण आहे."

मॅडम खांद्यावरून वाकून बघत होत्या. "नऊ आणि अडतीस कोणासमोर ठेवताना मला धाकधूक होती. हे मी कोणाहीसमोर ठेवीन."

आई मात्र जुन्या आणि नव्या आकड्यांकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिने लेकीकडे पाहिलं, भुवई वर केली.

"काय?"

"तूही दिले होतेस मार्क."

धाकटीने जुने आकडे पुन्हा पाहिले. नऊ आणि अडतीस. तिच्या स्वतःच्या हातचे, शपथेवर प्रामाणिक आकडे.

"तुझीच आहे ना," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी आईने टेबल पुसलं, भिंगावरची धूळ फुंकली, आणि मग पहिल्यांदाच प्रश्न विचारले. मादी पायांनी चाचपते म्हणजे नक्की काय ओळखते, वास की आकार? चवळीवालीला पुन्हा मुगावर ठेवलं तर तिच्या पणत्यांना चौकशी करायचं आठवेल का? बस चुकेपर्यंत ती विचारत राहिली, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर धाकटीकडे नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. धाकटीने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

पुढच्या रविवारी तिने प्रकरणाचा मसुदा आईला पाठवला. त्यात तिन्ही मोजण्या होत्या, एकही लपवलेली नव्हती. पहिली, संशोधिकेची: नऊ आणि अडतीस. दुसरी, तिच्या आईची, अंदाज माहीत असताना: सात आणि एक्केचाळीस. तिसरी, सुट्या दाण्यांची, दोघींची: चौदा आणि एकोणतीस. खाली एक ओळ होती, दाणे सुटे करून मोजण्याची सूचना कोणाची ते सांगणारी.

दोन दिवसांनी मसुदा परत आला. त्या ओळीला हात लावलेला नव्हता. एका तक्त्यातल्या बेरजेभोवती मात्र लाल गोल होता, आणि समासात आईच्या छापील अक्षरात लिहिलं होतं: एकने चुकली आहे. पुन्हा कर.